युद्ध कोणत्या घरात कधी संपलं

१ डिसेंबर १९४९ रोजी फ्रान्समधली रेशनची कुपनं बाद झाली. अगदी शेवटपर्यंत अडून बसलेल्या जिनसांमध्ये कॉफी होती. जर्मनीच्या शरणागतीला तोवर साडेचार वर्षं उलटली होती आणि पॅरिस मुक्त होऊन पाच. पाठ्यपुस्तकात युद्ध ८ मे १९४५ ला संपतं. घरांमध्ये ते त्यानंतर केव्हातरी संपलं, आणि प्रत्येक घरात निराळ्या दिवशी. कुठे खऱ्या कॉफीचा पहिला घोट घेतला त्या सकाळी, कुठे छावणीतून वडील परतले तेव्हा, कुठे पत्र्याच्या खोलीतून पक्क्या घरात बिऱ्हाड हललं तेव्हा. काही घरांत ते संपलंच नाही. द गॉल, मार्शल योजना, पडती-उठती सरकारं यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. आजी-आजोबा, मावश्या, मामा यांनी सांगितलेला, किंवा न सांगता सोबत नेलेला काळ मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यात साल चुकतं, क्रम उलटा होतो, पण पावाचा रंग मात्र चुकत नाही.

पाव पिवळा होता. मुक्तीनंतरच्या वर्षांत गव्हाचा तुटवडा इतका होता की पिठात मका मिसळावा लागे. तो पाव हाताला जड लागे, सुरी लावली की त्याचा भुगा होई. फ्रेंच माणसाच्या जेवणात पावाला आपल्याकडच्या भाकरीचं स्थान. बाकी काही नसलं तरी चालेल, पण पाव हवाच. म्हणून पावाची कथा त्या वर्षांची सगळी कथा सांगते. नोव्हेंबर १९४५ मध्ये पावावरचं रेशन उठवलं गेलं. लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. पण दोन महिन्यांत, १९४६ च्या जानेवारीत, ते पुन्हा लागू झालं. मग १९४६-४७ चा कडाक्याचा हिवाळा आला, शेतातला गहू गोठला, पीक बुडालं आणि १९४७ च्या उन्हाळ्याअखेर रोजचा पाव मोठ्या माणसामागे २०० ग्रॅमवर आला. जर्मनांच्या ताब्यात असताना मिळत होता त्याहून हा वाटा कमी होता. युद्ध जिंकलेल्या देशातला माणूस हरलेल्या दिवसांपेक्षा कमी पाव खातो, हे बाई-माणसांना समजावून सांगणं कुठल्याही मंत्र्याला जमलं नाही. पावासाठी मोर्चे निघाले, संप पेटले. पावावरचं रेशन अखेर १९४९ च्या सुरुवातीला सुटलं.

विली रोनिस या छायाचित्रकाराने १९५२ मध्ये टिपलेला एक फोटो जगभर फिरला आहे. अर्ध्या चड्डीतला एक लहान मुलगा, काखेत जवळजवळ त्याच्याच उंचीचा लांबलचक पाव, आणि चेहऱ्यावर ओसंडणारं हसू घेऊन तो पळतो आहे. फोटो सहज सापडलेला नाही. रोनिसने त्या मुलाला पाव घेऊन पळायला सांगितलं होतं. तरीही तो खोटा वाटत नाही, कारण कुपनाशिवाय पाव मिळू लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आज तो फोटो पोस्टकार्डावर ‘गोड पॅरिस’ म्हणून विकला जातो. तेव्हाच्या आयांनी तो पाहिला असेल तेव्हा त्यांना त्यात आणखी काही दिसलं असणार.

रेशन कार्डावर माणसांचे वर्ग पाडलेले असत आणि प्रत्येक वर्गाला अक्षर असे. तीन वर्षांखालच्या बाळांना ‘ई’, मग मुलांना वयाप्रमाणे ‘जे १’, ‘जे २’, ‘जे ३’, मोठ्यांना ‘ए’, अंगमेहनत करणाऱ्यांना ‘टी’, शेतकऱ्यांना ‘सी’, सत्तरीपुढच्यांना ‘व्ही’. अक्षर बदललं की ताटातलं प्रमाण बदले. ‘जे ३’ म्हणजे तेरा ते एकवीस वयाची पोरं. ही अक्षरं इतकी अंगवळणी पडली की ‘जे ३’ हे त्या संपूर्ण पिढीचं नावच होऊन बसलं. त्या नावाचं नाटकसुद्धा युद्धकाळातच रंगभूमीवर आलं. आजही त्या वयाचे म्हातारे आपण कोणत्या वर्गात होतो ते झटकन सांगतात. वाढत्या वयाच्या मुलांना थोडं जास्त मिळे, पण ते घरात येईपर्यंतच वेगळं. एकदा पातेल्यात पडलं की आई सगळ्यांना सारखं वाढायची, आणि बहुतेक घरांत स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी, उरलं तर.

कुपन हाती असलं म्हणजे माल मिळालाच असं नव्हे. रांगेत तासन्‌तास उभं राहून दुकानाची फळी पडलेली बघावी लागे. कॉफीच्या नावाखाली भाजलेलं जव आणि चिकोरी उकळत. गुरांना घालायचा रूताबागा नावाचा कंद आणि तोपिनांबूर या दोन भाज्या त्या काळात इतक्या खाल्ल्या गेल्या की पुढे कित्येक घरांनी त्या चाळीस-पन्नास वर्षं दारात येऊ दिल्या नाहीत. अलीकडे पॅरिसच्या महागड्या हॉटेलांत तोपिनांबूर पुन्हा ताटात दिसू लागला आहे. नातवाने कौतुकाने मागवावा आणि आजीने ताट बाजूला सारावं, असं आजही घडतं.

या सगळ्यात टिकून कोण राहिलं? ज्याचं गावाकडे कोणी होतं तो. १९४६ साली जवळजवळ निम्मा फ्रान्स खेड्यांत राहत होता. पॅरिस, लिऑन, मार्सेय इथल्या बहुतेक बिऱ्हाडांची मुळं एखाद्या वाडीत होती. जर्मन ताब्याच्या काळातच नातलगांना खाण्याच्या जिनसांचं पार्सल पाठवायला सरकारने रीतसर परवानगी दिली होती, आणि युद्धानंतरही ही वाट वाहती राहिली. लोणी, अंडी, डुकराच्या मांसाचा तुकडा, कधी सोललेला ससा. कुठला तरी चुलतचुलतभाऊ, ज्याला लग्नकार्याखेरीज कोणी आठवत नसे, तो अचानक घरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस झाला. रविवारी सायकलला टोपली बांधून तीस-चाळीस किलोमीटर जाऊन यायचं आणि परतताना स्टेशनावरच्या झडतीत टोपली जप्त होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचं, हे शहरातल्या किती तरी कुटुंबांच्या आठवणीत आहे. या नात्यांत माया होती तशी कटुताही मुरली. काही चुलत्यांनी सख्ख्यांकडून काळ्या बाजाराचा भाव घेतला. तो हिशेब पुढे वाटण्यांच्या वेळी, मयताच्या जेवणाच्या वेळी निघत राहिला. आणि ज्यांचं गावाकडे कोणीच नव्हतं, म्हणजे खाणीत आणि कारखान्यांत आलेले परदेशी कामगार, निर्वासित, एकट्या विधवा, त्यांची उपासमार कोणाच्याच कौटुंबिक आठवणीत नीट नोंदली गेली नाही.

माणसं परत येण्याचं वर्ष म्हणजे १९४५. सन १९४० च्या पराभवात सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक जर्मनांच्या हाती सापडले होते आणि त्यांतले नऊ-दहा लाख शेवटपर्यंत जर्मनीत अडकून होते. त्यांच्या जोडीला जर्मन कारखान्यांत सक्तीने नेलेले सहा लाखांहून अधिक तरुण. वसंतात आगगाड्या भरभरून हे लोक येऊ लागले. पॅरिसमधलं ऑर्से स्थानक, जिथे आज चित्रांचं प्रसिद्ध संग्रहालय आहे, तिथे त्यांना उतरवून घेत. पाच वर्षांनी बाप घरी येतो, तेव्हा मूल पाच-सहा वर्षांचं झालेलं असतं आणि त्याने बापाला फक्त कपाटावरच्या फोटोत पाहिलेलं असतं. दारातला वाळलेला, खोकणारा माणूस आणि फोटोतला गणवेशातला तरुण यांचा मेळ मुलाला लागत नाही. ‘हे काका कधी जाणार?’ असा प्रश्न त्या पिढीच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतो. बायकाही बदललेल्या होत्या. पाच वर्षं त्यांनी शेती सांभाळली होती, दुकान चालवलं होतं, कार्यालयांचे उंबरे झिजवले होते. २९ एप्रिल १९४५ रोजी नगरपालिकांच्या निवडणुकीत फ्रेंच बायकांनी आयुष्यातलं पहिलं मतदान केलं, तेव्हा त्यांतल्या कित्येकींचे नवरे अजून छावण्यांतून परतायचे होते. नवरा आला आणि घरातला कारभार पुन्हा त्याच्या हाती गेला. बायकोने नोकरी धरायला नवऱ्याची हरकत कायद्याने आड येत होती, ती १९६५ पर्यंत. त्या वर्षांत घटस्फोटांचं प्रमाण एकदम वाढलं, यात नवल ते काय.

नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांची वाट वेगळी होती. त्यांच्यासाठी पॅरिसमधलं ल्युतेसिया हे मोठं हॉटेल ताब्यात घेतलं गेलं. युद्धकाळात याच हॉटेलात जर्मन लष्करी हेरखात्याचा तळ होता. १९४५ च्या एप्रिलअखेरपासून उन्हाळा संपेपर्यंत तिथे बसगाड्या येत राहिल्या. उवा मारायची पांढरी भुकटी अंगावर फवारायची, डॉक्टरांनी तपासायचं, नाव-गाव लिहून घ्यायचं, हळूहळू खाऊ घालायचं, अशी सगळी व्यवस्था होती. हॉटेलात लाकडी फलक उभे केले होते आणि त्यांवर नातलगांनी आणून लावलेले फोटो: लग्नातले, सहलीतले, शाळेतले. खाली नाव, कधी पकडलं ती तारीख, कुठल्या छावणीत पाहिल्याचं कळलं तो सांगोवांगीचा तपशील. उतरणाऱ्या प्रत्येकाला बायका गाठत, फोटो पुढे करत. पण फोटोतली गुबगुबीत मुलगी आणि समोरून येणारा हाडांचा सापळा यांच्यात ओळख कशी पटावी? फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यू माणसांना मारण्यासाठी नेलं होतं. त्यांतली काही हजारच परत आली. फलकावरचे बहुतेक फोटो कोणी काढून नेले नाहीत.

पुढे मंत्री झालेल्या आणि युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झालेल्या सिमोन वेय अशाच परतलेल्या. वय अठराच्या आत, आई छावणीतच गेलेली, वडील आणि भाऊ बेपत्ता. त्यांना सांभाळलं ते मावशीने आणि काकांनी. त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं की आम्हाला बोलायचं नव्हतं हे खरं नाही, ऐकायला कोणी तयार नव्हतं. लेखक जॉर्ज पेरेक यांचं बालपणही एका नातलगाने तारलं. वडील १९४० मध्ये आघाडीवर गेले, आईला १९४३ च्या फेब्रुवारीत पॅरिसजवळच्या द्राँसी छावणीतून आउश्वित्झला नेलं. नऊ वर्षांचा पोरका जॉर्ज आत्याच्या घरी वाढला. मोठेपणी त्यांनी लहानपणाच्या आठवणींवर पुस्तक लिहिलं, पण जवळ आठवणी म्हणण्यासारखं फारसं काही नव्हतं. होते ते काही फोटो आणि काही सरकारी कागद. त्यांतल्या एका कागदाने मला नेहमी अस्वस्थ केलं आहे. त्यात आईच्या बाबतीत म्हटलं होतं की ती फ्रेंच नागरिक असती, तर ‘फ्रान्ससाठी मृत्यू’ हा सन्मानाचा शेरा तिच्या नावापुढे लागू शकला असता. तिचा नवरा फ्रान्ससाठीच लढताना मेला होता.

भिंतींची गोष्ट यानंतरची. ल आव्र हे बंदर सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तांच्याच बॉम्बफेकीत सपाट झालं आणि सुमारे ८०,००० माणसं उघड्यावर आली. सँ-लो, काँ, ब्रेस्त, लोरियाँ, सँ-नाझेर यांचीही तीच गत. ल आव्र पुन्हा बांधायचं काम वास्तुशिल्पी ओग्युस्त पेरे यांच्याकडे आलं. त्यांनी काँक्रिटची, रुंद रस्त्यांची, भरपूर उजेडाची नवी नगरी आखली. आज ती युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथे त्या काळच्या सामानासकट मांडलेलं नमुन्याचं एक घर बघायला मिळतं. पण बांधकाम १९६० च्या दशकापर्यंत चाललं आणि तोवर माणसं लाकडी बराकींत राहिली. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून दिलेल्या बराकींत मुलं जन्मली, शाळेत गेली, लग्न करून बाहेर पडली. ब्रेस्तमधल्या शेवटच्या बराकी १९७० च्या दशकात हलल्या. लोरियाँजवळच्या प्लोएमर इथे अशा काही बराकी जपून ठेवल्या आहेत. डांबरी कागदाचं छप्पर, पातळ फळ्या, थंडीत आतून गोठणाऱ्या खिडक्या. तरीही तिथे वाढलेल्या माणसांच्या बोलण्यात जिव्हाळा असतो, कारण सगळी आळी एकाच दशेत होती. शिवाय अमेरिकेतून आलेल्या काही बराकींत घरातच नळ आणि संडास होता. बॉम्बने पाडलेल्या जुन्या दगडी घरात तो कधीच नव्हता.

ही सोय किती दुर्मिळ होती ते १९५४ च्या जनगणनेने दाखवून दिलं. शंभरांतल्या साधारण ५८ घरांत नळाचं पाणी होतं, २६-२७ घरांत आतला संडास, आणि न्हाणीघर किंवा शॉवर जेमतेम दहा घरांत. पॅरिसच्या जुन्या इमारतींत जिन्याच्या वळणावर एकेक सामायिक नळ आणि सामायिक संडास असे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरात पत्र्याचं मोठं घमेलं मांडायचं, त्यात गरम पाणी ओतायचं आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी त्याच पाण्यात अंग धुवायचं. धुणं हा तर आख्खा दिवस खाणारा उद्योग. चुलीवर मोठ्या पत्र्याच्या पिंपात कपडे उकळत ठेवायचे, मग हातगाडीवर घालून गावच्या छपरी पाणवठ्यावर न्यायचे, गुडघ्यांखाली पेंढा भरलेली लाकडी पेटी घेऊन बसायचं आणि लाकडी थापीने बडवायचे. हिवाळ्यात पाण्यावरचा बर्फ फोडून. गावातल्या साऱ्या बातम्या, लफडी, सासुरवास तिथे निघे म्हणून काही जणी हळहळत सांगतात की यंत्र आलं आणि बोलणं संपलं. हात दाखवून बोलणाऱ्या बायका मात्र असं म्हणत नाहीत. १९५३ मध्ये सेब कंपनीने बाजारात आणलेला प्रेशर कुकर आणि त्यामागोमाग आलेलं धुण्याचं यंत्र या दोन वस्तूंनी फ्रेंच आईचा दिवस बदलला, हे त्या घरांमधल्या मुली आजही ठासून सांगतात.

घरांची टंचाई कधीकधी जीव घेई. १९५४ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी आबे पिएर या धर्मगुरूने रेडिओवरून आवाहन केलं. आदल्या रात्री पॅरिसच्या रस्त्यावर एक बाई गारठून मेली होती आणि तिच्या मुठीत घर खाली करण्याची नोटीस होती. देशभरातून पांघरुणं, स्टोव्ह, पैसे यांचा पूर आला. ज्यांच्याकडे स्वतःला पुरेसं नव्हतं तेही घोंगडी घेऊन रांगेत उभे राहिले, आणि ती रांग अनेक कुटुंबांच्या अभिमानाची आठवण आहे. त्या आठवणीवर आता सावट आहे. आबे पिएर यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचा अहवाल त्यांच्याच संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

ही सगळी वाटचाल एका गावात बघायची तर दुएलला जावं. नैऋत्य फ्रान्समधलं, लो नदीकाठचं हे लहान गाव. अर्थशास्त्रज्ञ झाँ फुरास्तिए यांच्या घराण्याची मुळं तिथली. बालपणीच्या सुट्ट्या त्यांनी तिथे काढल्या आणि १९९० मध्ये त्यांचा शेवटही तिथेच झाला. १९७९ साली त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकातून ‘तीस वैभवशाली वर्षं’ हा आता सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोग आला. पुस्तकाच्या सुरुवातीला ते दोन गावांची तुलना मांडतात. एकाचं नाव मादेर, दुसऱ्याचं सेसाक. मादेरमध्ये ५३४ माणसं, कामकरी २७९ आणि त्यांतले २०८ शेतकरी. सगळ्या गावात मोटारी पाच, फ्रिज पाच. कमाईचा तीन चतुर्थांश भाग खाण्यातच जातो आणि त्या खाण्यातही मुख्य काय, तर पाव, बटाटे, भाज्यांचं सूप. खाटकाकडचं मांस आठवड्यातून एकदा. सेसाकमध्ये ६७० माणसं, २१५ कामकऱ्यांत शेतकरी फक्त ५३, मोटारी २८० आणि फ्रिज २१०. वाचणाऱ्याला वाटतं, एक गाव कुठल्या तरी गरीब देशातलं असावं आणि दुसरं युरोपातलं. मग फुरास्तिए सांगतात की दोन्ही एकच. मादेर म्हणजे १९४६ चं दुएल आणि सेसाक म्हणजे १९७५ चं.

ही मांडणी मला फार आवडते, कारण हे आकडे दुरून गोळा केलेले नाहीत. ज्या घरांच्या ओसरीवर ते लहानपणी बसले, ज्यांची चूल त्यांनी पाहिली, त्याच घरांतला फ्रिज त्यांनी मोजला. तरी एक गोष्ट त्या आकड्यांत येत नाही. शेतकरी २०८ वरून ५३ वर आले याचा अर्थ कित्येक शेतांचे बांध पुसले गेले, बैल विकले गेले, पोरगा टपाल खात्यात किंवा तुलूझच्या कारखान्यात लागला. बापाला त्याचा अभिमान वाटला आणि शेत कोण करणार या काळजीने झोपही लागली नाही. तीस वर्षांत एका पिढीने दुसऱ्या पिढीचं जग ओळखेनासं व्हावं, हा वेग आपल्याकडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

झाक ताती यांचा ‘मों ऑंक्ल’ हा १९५८ चा चित्रपट याच वेगाबद्दल आहे. मामाच्या बहिणीचं घर कोऱ्या यंत्रांनी सजलेलं, फाटकाशी माशाच्या आकाराचं कारंजं, जे फक्त पाहुणा आला की सुरू करायचं. आणि मामा राहतो जुन्या वस्तीत, जिथे भाजीवाला रस्त्यात गप्पा मारतो. भाच्याला ओढ मामाची. सिनेमा पाहून लोक खळखळून हसले आणि घरी येऊन हप्त्याने फ्रिज घेतला.

त्या काळच्या पॅरिसमध्ये आपली माणसंही होती. नागपूर आणि मुंबईत चित्रकला शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर तिथे पोचले. कुपनं बाद होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मडगावचे लक्ष्मण पै १९५१ मध्ये गेले आणि दहा वर्षं राहिले. शहर दरिद्री होतं, पण त्यात चित्रकाराला जागा होती. रझांनी १९५९ मध्ये जानीन मोंजिया या फ्रेंच चित्रकर्तीशी लग्न केलं आणि फ्रेंच नातलगांचा गोतावळाच जोडून घेतला. आपल्या कलेच्या इतिहासात पॅरिसचे हे दिवस चित्रांच्या अंगाने येतात. ते कुठल्या थंडीत, कुठल्या जेवणावर निघाले हे कोणी सविस्तर लिहायला हवं.

नातलग काय सांगत आणि काय गाळत, हे सर्वांत बारकाईने लिहिलं ते लेखिका ॲनी एर्नो यांनी. १९४० चा जन्म, नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात आई-वडिलांचं किराणा आणि कॉफीचं दुकान. ‘ले आने’ या २००८ च्या पुस्तकात सणासुदीच्या जेवणांची वर्णनं आहेत. जेवण दुपारी सुरू होतं ते दिवस मावळेपर्यंत चालतं. टेबलाच्या एका टोकाला मोठी माणसं युद्ध काढून बसतात: १९४० मध्ये घर सोडून रस्त्याने पळालो ती पायपीट, बॉम्ब पडले तेव्हा कोण कुठे लपलं, थंडी, रूताबागा. मुलं ऐकता ऐकता मोठी होतात, आणि आपण त्या थरारक काळात उशिरा जन्मलो याची त्यांना खंत वाटते. पण ही मोठी माणसं फक्त स्वतः पाहिलेलं बोलतात. छावण्या, आगगाड्यांत कोंबलेली ज्यू मुलं, यांचं नाव त्या टेबलावर निघत नाही. शिजवलेलं संपतं, बाटल्या रिकाम्या होतात, गाणी सुरू होतात.

आणि मौन काही युद्धापुरतंच नव्हतं. एर्नो दहा वर्षांच्या असताना, १९५० च्या उन्हाळ्यात, त्यांची आई दुकानात आलेल्या एका बाईशी बोलत होती. मुलगी जवळच खेळत होती. आईच्या तोंडून तिला कळलं की आपल्या आधी एक मुलगी झाली होती आणि ती १९३८ मध्ये सहा वर्षांची असताना घटसर्पाने गेली. आई-वडिलांनी हे तिला समोर बसवून कधीच सांगितलं नाही, पुढे आयुष्यभर नाही. त्या न पाहिलेल्या बहिणीला उद्देशून एर्नो यांनी २०११ मध्ये पत्राच्या रूपात एक छोटं पुस्तक लिहिलं. पुढे २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

शांतता आली असं म्हणतात त्या वर्षांत फ्रेंच मुलगे पुन्हा बंदुका घेऊन गेलेही होते. १९४६ ते १९५४ इंडोचीन, १९५४ ते १९६२ अल्जीरिया. अल्जीरियात तर दहा लाखांहून जास्त साधी, सक्तीच्या भरतीतली पोरं गेली. त्यांनी काय पाहिलं, काय करायला लागलं, ते परत आल्यावर बायकोलाही सांगितलं नाही. त्या लढाईला फ्रेंच संसदेने ‘युद्ध’ म्हणायला १९९९ उजाडलं. बापाने जर्मन छावणीबद्दल मौन धरलं आणि मुलाने अल्जीरियाबद्दल, अशी दोन पिढ्यांची कुलुपं एकाच घरात लागलेली आढळतात.

ती आता नातवंडं उघडत आहेत. २०१५ च्या डिसेंबरमध्ये युद्धकाळातल्या पोलीस आणि न्यायालयीन कागदपत्रांवरचं बंधन मोठ्या प्रमाणावर उठवलं गेलं. काँ शहरात युद्धबळींच्या नोंदींचा वेगळा संग्रह आहे. तिथे अर्ज करून आजोबांची फाईल मागवता येते: कुठे पकडलं, कुठे ठेवलं, कधी सुटका झाली. कधी त्यात अभिमानाचं निघतं, कधी शेजाऱ्याने लिहिलेलं निनावी पत्र निघतं, कधी आजोबांनीच लिहिलेलं. मृत्यूच्या नोंदीही दुरुस्त होत आहेत. छावण्यांत मारलेल्या असंख्य माणसांच्या दाखल्यांवर मृत्यूचं ठिकाण म्हणून द्राँसी लिहिलेलं होतं, जणू ती पॅरिसच्या वेशीवरच वारली. १५ मे १९८५ च्या कायद्याने ठरवलं की अशा नोंदीत ‘हद्दपारीत मृत्यू’ असा शेरा घालायचा, छावणीचं खरं नाव लिहायचं, आणि नेमका दिवस माहीत नसेल तर गाडी सुटल्यानंतरचा पाचवा दिवस धरायचा. त्या यादीतली नावं सरकारी राजपत्रात दुरुस्तीसह छापली जातात, आणि हे काम त्यानंतरची कित्येक वर्षं चालत राहिलं आहे.